मॅडमना सोबत हवी होती

आमच्या कॉलेजातल्या मॅडम कुणाच्या घरी गेल्या की चहा अर्धाच प्यायच्या. आलं घालून उकळलेला असो की इराणी हॉटेलातून किटलीत आणवलेला असो, चहा निम्म्यावर आला की कप बशीत ठेवायचा आणि पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. वर साय धरायची, माशी येऊन विचारपूस करून जायची, तरी नाही. पहिल्यांदा एका पेशंटच्या घरी गृहभेटीला मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा घटाघटा पिऊन मोकळा झालो. घरातल्या आजोबांनी लगेच हात जोडले, "बरं झालं आलात." म्हणजे निघा. जिना उतरताना मॅडम म्हणाल्या, "क्या बाबू, फार तहान लागली होती का? कपात चहा आहे तोवर आपल्याकडे पाहुण्याला कुणी ऊठ म्हणत नाही. ज्याला भेटायला गेलो तो त्यांचा नातू आता कुठे दाराआडून डोकावायला लागला होता. तू कप संपवलास, त्यांनी आपल्याला संपवलं."

ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली आहे की मी नुसता कप हातात घेतला तरी माझी मुलगी म्हणते, "बाबा, अर्धा चहा ना? झालंय." आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की मी सुरू होतो. 'काका, सांगा ना' असं कुणाला म्हणावं लागतच नाही. तशी संधी मी देत नाही. मुलगी हैदराबादेत वाढलेली, तिला मराठी वाचायला जड जातं. ऐकते मात्र सगळं, कारण दाराजवळची खुर्ची माझी असते.

तर असा बडबड्या माणूस दुसऱ्याचं ऐकून घेण्याच्या धंद्यात कसा शिरला, याचं उत्तर सरळ आहे. मला गणित येत नव्हतं.

देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीवर केबलच्या वायरींचं जाळं पसरलं होतं, आणि गल्लीतला प्रत्येक मुलगा कॉम्प्युटर शिकायला दिलसुखनगरला जात होता. तिथे एकेका इमारतीवर क्लासच्या इतक्या पाट्या असत की खिडक्या दिसत नसत. बाबांनी मलाही तिथे नेऊन आणलं. क्लासवाल्याने चाचणी घेतली आणि बाबांना बाजूला घेऊन तेलुगूत काहीतरी सांगितलं. परतीच्या वाटेवर बाबा माझ्याशी फार प्रेमाने वागले, त्यावरून काय ते मी समजलो. मग मी मानसशास्त्राला नाव घातलं. पहिल्याच महिन्यात कळलं की तिथेही संख्याशास्त्राचा पेपर असतो.

आमच्या विभागालाही नव्या वाऱ्याची झुळूक लागली होती. कंपन्यांना माणसं निवडायला माणसं हवी होती, म्हणून दारावरची 'मानसशास्त्र' ही जुनी पाटी काढून 'वर्तनविज्ञान' अशी नवी लावली गेली. मॅडम पाटीखाली उभ्या राहिल्या, वर बघितलं, आत आल्या, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाटी नवी. पंखा तोच."

बाबांना मात्र त्या पाटीचा उपयोग झाला. कुणी विचारलं, मुलगा काय शिकतो, की ते म्हणत, "सायन्स." "कोणतं?" "बिहेवियरल." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पावसापाण्यावर जात. मी बिहेवियरल सायन्समधली मानसिक आरोग्याची शाखा घेतली आहे, म्हणजे उद्या डोक्याच्या दवाखान्यात काम करणार आहे, हे त्यांनी गावाकडे कुणालाच कळू दिलं नव्हतं. त्या शाखेला वर्गात मुली भरपूर आणि मुलगा मी एकटा. शिकवायला या मॅडम.

दिसायला बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी घोट्याच्या जरा वर नेसलेली, चालणं कायम बस सुटत असल्यासारखं. मूळच्या मराठीच, पण निजामाच्या काळापासून घर इथलं, त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात मराठी, दख्खनी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा भांडण न करता नांदायच्या. मुलींना 'अम्मा', मला 'बाबू'. नारायणगुड्याला एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं की मोडलं होतं यावर मुलींमध्ये दोन तट होते.

त्यांच्या तासाला विशेषणांवर बंदी होती. पेशंटबद्दल लिहिताना 'चिडखोर', 'दुःखी', 'हट्टी' असं काही लिहिलं की त्यावर लाल काट. "चिडली म्हणजे काय केलं? पातेलं आपटलं? मग पातेलं आपटलं असं लिही. कोणतं पातेलं, रिकामं की भरलेलं, ते पण लिही. रिकामं आपटणारी वेगळी, आमटीचं आपटणारी वेगळी." या एका वाक्यावर मी पुढे आयुष्यभर नोकरी केली म्हटलं तरी चालेल. संसारातही ते उपयोगी पडलं. बायको कोणतं भांडं आपटते आहे हे मी आधी ऐकतो.

मुलाखत घ्यायच्या प्रात्यक्षिकाला त्या अंबाडीच्या जुड्या घेऊन यायच्या. एकीने पेशंट व्हायचं, दुसरीने समुपदेशक, आणि दोघींनी मध्ये वर्तमानपत्र पसरून अंबाडी निवडत बोलायचं. "हात रिकामे असले की माणूस डोळ्यांत बघत बसतो," मॅडमचं म्हणणं, "आणि डोळ्यांत बघून कुणी खरं बोलत नाही अम्मा. घरात खरं कधी बोलतात? भाजी निवडताना." शिपाई कुरकुर करायचा, विभागभर देठ आणि माती. निवडलेली पानं मॅडम घरी न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची लसूण घातलेली आंबट चटणी डब्यात यायची. आपण काल विचारलेल्या चुकीच्या प्रश्नांची चव आज भाताबरोबर घ्यायची, असा तो अभ्यासक्रम होता.

माझी पाळी आली तेव्हा समोरच्या मुलीने नुकताच नवरा वारलेल्या बाईची भूमिका घेतली होती. ती दोन वाक्यं बोलली आणि गप्प झाली. गप्प बसलेलं माणूस मला बघवत नाही. मी तिला धीर द्यायला आमच्या काकांची म्हैस हरवल्याची गोष्ट सांगितली. ती रंगली. नवरा गेलेली बाई तोंडात पदर घालून हसायला लागली, बाकीच्याही अंबाडी सोडून ऐकायला लागल्या.

"हसली, मॅडम," मी अभिमानाने म्हणालो.

"हसली ना. तिचं काय झालं ते तुला कळलं?"

"नाही."

"तिला तुझ्या काकांचं सगळं कळलं. म्हशीचं पण कळलं." मॅडमनी एक देठ खुडला. "आता फी कुणी कुणाला द्यायची?"

त्यांचं स्वतःचं ऐकणं एका शब्दाचं होतं. "मग?" तोही त्या घाईने म्हणत नसत. समोरचा थांबला की त्याही थांबायच्या, खूप वेळ, इतका की मला घाम फुटायचा, आणि मग हलकेच, "मग?" माणसं बोलायला लागत. मला वाटलं हे तर सोपं आहे. घरी येऊन मी बाबांवर प्रयोग केला. बाबा ऑफिसातल्या साहेबाबद्दल काही सांगत होते.

"मग?" मी हलकेच म्हणालो.

"मग काय? एवढंच."

मी थांबलो. "मग?"

"कानाखाली देऊ का?" बाबा म्हणाले.

आणखी एक गोष्ट मॅडमची, जिच्यामुळे कॉलेजात त्यांच्याबद्दल कुजबुज असायची. दुपारचा तास निम्म्यावर आला की त्या पर्समधून गोळी काढायच्या, स्टीलच्या फुलपात्रातलं पाणी प्यायच्या आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे. एका मुलीने धीर करून विचारलं, "मॅडम, ही कशाची?"

"डोक्याची."

"डोकं दुखतं?"

"दुखत नाही अम्मा, बुडतं. ही घेतली की तरंगतं. नाही घेतली तर तुम्हाला शिकवायला दुसरं कुणी बघावं लागेल."

हे एका पालकाच्या कानावर गेलं, त्याने प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून म्हटलं, गोळी खाजगीत घेतली तर बरं. मॅडमनी विचारलं, "सर, तुमची बीपीची गोळी तुम्ही कुठे घेता?" "घरी." "लपून?" त्यानंतर तो विषय निघाला नाही. उलट प्राचार्य आपली गोळी केबिनमध्ये चारचौघांसमोर घ्यायला लागले.

हे सगळं मी आईला येऊन सांगायचो. आणि आईचं सगळं वर्गात जाऊन सांगायचो. माझं पोट असं दोन्हीकडून गळकं.

आईचं सांगण्यासारखं होतंही. आमचं मूळ गाव नांदेडकडचं. तिकडच्या माणसाला जरा मोठं दुखणं झालं की तो हैदराबादला यायचा, आणि हैदराबादला यायचा म्हणजे अंबरपेठेला आमच्याकडे. कुणाचा मुतखडा, कुणाचं डोळ्याचं, कुणाच्या सुनेचं दिवस राहत नाहीत म्हणून. त्या प्रत्येकाबरोबर दवाखान्यात जायचं काम आईचं. कोणत्या खिडकीशी चिठ्ठी मिळते, कोणती नर्स 'सिस्टर' म्हटल्यावर विरघळते आणि कोणती 'अम्मा' म्हटल्यावर, कोणत्या बाकावर पंख्याचं वारं येतं, हे तिला पाठ. पिशवीत भाकरी, ठेचा, अंथरायला जुनी चादर. कोर्टात वकील चालतो तशी ती दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायची. दवाखान्याला सोबत मागितली की आई नाही म्हणत नसे. कढईत फोडणी तडतडत असली तर गॅस बंद करून निघायची. फोडणी नंतर पुन्हा होते, म्हणायची.

आणि ती आई एका दुपारी कुणा मावशीला दवाखान्यात पोचवून एकटी परत येत असताना, चादरघाटच्या पुलावर, भर बसमध्ये, आता मी मरणार असं म्हणून खाली बसली. छाती धडधडायला लागली, हातपाय गार, तोंडाला कोरड. कंडक्टरने बस थांबवली, कुणी पाणी दिलं, कुणी हुंगवायला कांदा शोधू लागलं. घरी आणली तोवर ठीक होती. पण चार दिवसांनी भाजीवाल्यापाशी पुन्हा तेच. मग देवळाच्या पायरीवर.

बाबांनी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरना दाखवलं. ईसीजीच्या पट्ट्या निघाल्या, साडी खोचून तिला त्या फिरत्या पट्ट्यावर पळवूनही झालं. हृदय ठणठणीत. बाबा येईल त्याला सांगायचे, "सगळं नॉर्मल आहे!" जणू आई पहिल्या वर्गात पास झाली होती. आईला मात्र त्यात दुसरंच ऐकू यायचं. ती मला म्हणायची, "म्हणजे मी सोंग करायलेय का रे?"

हळूहळू तिचं जग आत आत सरकत गेलं. आधी बस सुटली, मग बाजार, मग देऊळ. शेवटी फाटकाबाहेरच्या गाडीवरून कोथिंबीर आणायची तरी कुणीतरी सोबत हवं. मी आणि बाबा पाळ्या लावायला लागलो. माझे तास बुडायला लागले. गावाकडून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, आत्याबाईंना डोळे दाखवायला आणतोय, वहिनी सोबत येतील ना? आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "मला जमणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा. मग घरी येऊन पाटावर बसली, समोर भाजी, विळीला हात नाही.

मी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं. "आई, हे बघ, हा भीतीचा आजार आहे. याला औषध आहे. आपण मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"म्हणजे मी वेडी?"

"तसं नाही गं..."

"उद्या तुझ्या लग्नाचं बघायला लागले की विचारतील, मुलाची आई कुठं जाती? काय सांगू? मला काही झालेलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे."

जो रिपोर्ट तिला खात होता, तोच तिने ढालीसारखा पुढे केला. बाबांनी मान डोलावली. मी पुस्तक मिटलं. मी तेव्हा ठरवत आणलं होतं की कोर्स सोडायचा, घराजवळ काहीतरी करायचं आणि आईला कोथिंबिरीपर्यंत सोबत करायची.

माझी गैरहजेरी फार झाली तशा एका दुपारी मॅडम घरी आल्या. रिक्षावाल्याशी तीन भाषांत भांडून, फाटक स्वतःच उघडून. आईने चुरमुऱ्यांची सुशीला केली, चहा टाकला. माझं काळीज आपलं कपाकडे.

"तुमचा मुलगा नसला की वर्गात फार शांत असतं," मॅडम आईला म्हणाल्या. "मुली घाबरायल्या, काय झालं म्हणून."

आई बऱ्याच दिवसांनी हसली. तेवढ्यात बाबा फाइल घेऊन आले. "पाहा मॅडम, सगळं नॉर्मल आहे." मॅडमनी फाइल घेतली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर कपबशी ठेवली. चहा निम्मा.

"मग?" त्या आईला म्हणाल्या.

"मग काही नाही."

मॅडम थांबल्या. बाबा काही बोलणार होते, त्यांना मी डोळ्यांनी दटावलं. 

"धडधडतं हो," आई म्हणाली. "हातपाय गार पडतात. वाटतं, गेले आता. आणि हे म्हणायलेत नॉर्मल आहे."

"हौ," मॅडम म्हणाल्या. "मरतेय असं वाटणं नॉर्मल कसं असेल?"

आईने बाबांकडे बघितलं. खटला जिंकल्यासारखं.

मला वाटलं, आता मॅडम उपचार सांगणार. मी कान टवकारले. मॅडम सुशीलेतले शेंगदाणे वेचून खात होत्या. मग म्हणाल्या, "मंगळवारी मला दवाखान्यात जायचंय. एकटीला जाववत नाही. तुम्ही सोबत याल का?"

"कोणत्या दवाखान्यात?" आईच्या तोंडून लगेच निघालं. सवयच ती.

"सरकारी. डोक्याच्या ओपीडीत."

बाबा खोकले. आईने आवाज खाली आणला. "तुम्हाला काय झालंय?"

"मन बुडतं. कित्येक वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत."

"पण तुम्ही तर हेच शिकवता म्हणे."

"शिकवते म्हणून सूट मिळत नाही."

"आणि घरचं कुणी?"

"कुणी नाही."

"अगं, पण तुलाच तर सोबत..." बाबांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप बसा हो!" आई म्हणाली. "त्यांना कुणी नाहीये." आणि मॅडमकडे वळून, "किती वाजता निघायचं?"

मॅडम गेल्यावर ती खांबाला धरून उभी राहिली. "अगं माय, मी हो म्हणाले का?" सोमवारी दिवसभर तिचे हात गार होते. पण मंगळवारी सकाळी भाकऱ्या झालेल्या, पिशवीत चादर, पाण्याची बाटली. मी म्हणालो, मीही येतो. "दोघं दोघं कशाला? पेशंट घाबरतो," आई म्हणाली. पेशंट म्हणजे मॅडम.

त्या दिवशी ती दुपारी परत आली ती थेट पलंगावर आडवी झाली. बसमध्ये धडधडलं होतं. "मग मॅडमनी काय केलं?" मी सरसावून बसलो, वही काढायचीच बाकी होती.

"काही नाही. मी म्हणाले, मला उतरायचंय. त्या म्हणाल्या, पुढच्या स्टॉपला उतरू. पुढचा स्टॉप आला. म्हणाल्या, अजून एक बघू. असं करत दवाखानाच आला की." मग छताकडे बघत म्हणाली, "बिचाऱ्या. एवढ्या शिकलेल्या, आणि बाकावर एकट्या बसायच्या. पुढच्या वेळी त्यांना धपाटे नेते."

असे मंगळवार सुरू झाले. आई मॅडमच्या तब्येतीबद्दल घरी आम्हाला सांगायची. आज जरा तोंड उतरलं होतं, आज दोन धपाटे खाल्ले, डॉक्टरांनी गोळी बदलली पण त्यांना ती मानवत नाही, मी डॉक्टरना तसं सांगितलं. ओपीडीतल्या खिडक्या तिने लवकरच पाठ केल्या. तिथली नर्स 'अम्मा'वाली निघाली.

आणि मग एका मंगळवारी, मॅडमचं तपासून झाल्यावर, आई खुर्चीवरून उठली नाही. हे तिने मला स्वतः सांगितलं, मॅडमनी या बाबतीत एक अक्षर काढलं नाही. डॉक्टर तरुण होता. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एक विचारू? आमच्या वळखीची एक बाई आहे. तिला बसमध्ये असं असं होतं." सगळं सांगितलं. डॉक्टरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, याला इलाज आहे, त्या बाईंना घेऊन या एकदा.

"आलेली आहे," आई म्हणाली.

तिची गोळी सुरू झाली. श्वासाचा व्यायाम सुरू झाला, जो ती देवासमोर बसून करायची, म्हणजे बघणाऱ्याला जप वाटावा. बाबांनी हृदयाची फाइल कपाटावर टाकली. मी पुन्हा कॉलेजला जायला लागलो, आणि वर्गातली शांतता संपली.

एकदा मी मॅडमना गाठून विचारलंच. "मॅडम, आईला तुम्ही सोबत मागितलीत, ते कोणतं टेक्निक?" मी वर्गात आईच्या दवाखान्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या त्यांनी लक्षात ठेवल्या असणार, एवढं मला कळत होतं. माझ्या बडबडीचा कुणाला तरी उपयोग झाला, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"टेक्निक कसलं बाबू?" त्या म्हणाल्या. "दर मंगळवारी त्या बाकावर एकटीने बसून मला वैताग आला होता."

हे खरं की खोटं, मी अजून ठरवू शकलेलो नाही. बहुतेक दोन्ही खरं होतं.

शेवटच्या वर्षी, सगळे कुठे जाणार याची चर्चा चालली होती. बऱ्याच मुली कंपन्यांत निघाल्या होत्या. मला मॅडमनी बोलावलं. "पेशंटसमोर बसायचं काम तुझं नाही," त्या म्हणाल्या. माझं तोंड पडलं. "नातेवाइकांत बस. बाहेर बाकावर बसतात ना, ते. पेशंटला ऐकणारा लागतो. नातेवाइकांना सांगणारा लागतो. घरी काय झालंय, आता काय होणार, गोळी का बंद करायची नाही, हे गोष्टीसारखं सांगितलं की घरी जाऊन तसंच दुसऱ्याला सांगतात. तुझी म्हैस तिथे चालेल." आजवर मी तेच काम करत आलो. म्हैस खरोखरच चालते. मॅडम नसत्या तर मी एखाद्या बिचाऱ्या पेशंटला खुर्चीत बसवून जन्मभर हसवत राहिलो असतो, आणि त्याचं काय झालं ते मला कधीच कळलं नसतं.

पण मला सांगायचा आहे तो त्याआधीचा एक मंगळवार. त्या सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला की मॅडमना ताप आहे, आज त्या येणार नाहीत. हा ताप खरा होता का, हेही मी पुढे विचारलं होतं. "थर्मामीटर दाखवू?" एवढंच उत्तर मिळालं. आईला मात्र त्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःसाठी बोलावलं होतं.

"मी येतो," मी म्हणालो.

आई आरशासमोर वेणी घालत होती. "तुझी परीक्षा आहे ना?"

"मग मी येतो," बाबा म्हणाले.

"तुमचं ऑफिस आहे ना?" तिने पिशवी घेतली, चप्पल घातली. फाटकापाशी थांबली. आम्ही दोघं दारात. मग तिने फाटक उघडलं, बाहेरून पुन्हा नीट लावून घेतलं आणि गेली.

बाबा ऑफिसला गेलेच नाहीत. पोट दुखतंय म्हणाले. मी पुस्तक उघडून बसलो आणि एकाच पानाकडे बघत राहिलो. जेवणाची वेळ झाली. दुपार झाली. ओपीडी बंद व्हायची वेळ टळून गेली. बाबा बस स्टॉपपर्यंत जाऊन येत, परत येत, पुन्हा जात. चादरघाटच्या पुलाचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. उन्हं कलली तशी बाबांनी छातीवर हात ठेवला. "माझंच धडधडायलंय रे," म्हणाले. मी चप्पल घातली, दवाखान्यातच जाऊन बघतो म्हणून, तर फाटक वाजलं.

आई. घामाघूम, पदर खोचलेला, पिशवीतून मेथी आणि गवार डोकावतेय.

"कुठं होतीस?" बाबा ओरडलेच.

"दवाखान्यात. कुठं असणार?"

"ओपीडी तर केव्हाच बंद झाली असेल!"

"झाली ना. पण ती बाई होती की. कुकटपल्लीहून एकटीच आली होती, पहिल्यांदाच. बाकावर बसून नुसती रडायली. तिचा नंबर माझ्यानंतर किती तरी मागं. मग औषधाच्या खिडकीला तिला उभंच राहवेना. सोडून कशी येऊ? तिला बसमध्ये बसवून दिलं. मग म्हटलं, आता कोठीच्या बाजारापर्यंत आलेच आहे तर भाजी घ्यावी, तिथं स्वस्त आहे."

"कोण बाई?"

"नाव कुठं विचारलं? पुढच्या मंगळवारी ती येणार आहे, मला ये म्हणाली, तेव्हा विचारते." तिने पिशवी माझ्या हातात दिली.

बाबा पायरीवरच बसले. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आणि तुला? येताना बसमध्ये? काही झालं का... धडधड वगैरे?"

आई चप्पल काढता काढता थांबली. एक पाय चपलेत, एक बाहेर. सकाळपासूनचं सगळं तिने मनातल्या मनात पुन्हा पाहिल्यासारखं केलं.

"अगंबाई," ती म्हणाली, "ते बघायचं राहूनच गेलं."